पुस्तकांच्या कपाटाला माणूस हवा

(राष्ट्रीय ग्रंथपाल दिनानिमित्त १२ ऑगस्ट रोजी मंडळाच्या सभागृहात झालेल्या भाषणाचा मजकूर)



डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन यांच्या जयंतीनिमित्त आजचा दिवस आपल्या देशात ग्रंथपाल दिन म्हणून पाळला जातो. या दिवशी एखाद्या ग्रंथपालाला बोलवायचे सोडून पी-वेच्या माणसाला का उभे केले, असा प्रश्न तुमच्यापैकी काहींना पडला असेल. माझा डिप्लोमा सिव्हिलचा आणि नोकरी रुळांची. ग्रंथालयशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही. पण कार्यकारिणीच्या बैठकीत एक विषय निघाला, त्यावर मी जरा जास्तच बोललो आणि अध्यक्षांनी फर्मावले, "आता हेच सगळ्यांसमोर सांगा." म्हणून हा प्रपंच.

विषय होता आपल्या मंडळाच्या खोलीतील पुस्तकांच्या दोन लोखंडी कपाटांचा. गणेशोत्सवानंतरच्या सर्वसाधारण सभेत त्यांचे काय करायचे ते ठरणार आहे. सूचना अशी आहे की पुस्तके एखाद्या संस्थेला देऊन टाकावीत आणि ती जागा मांडवाच्या सामानाला वापरावी. सूचना करणाऱ्यांचा हेतू चांगलाच आहे. मांडवाचे सामान दरवर्षी कोणाच्या तरी गॅलरीत पडून असते, हे आपण सगळे जाणतो. त्यांचे म्हणणे एवढेच की, "हल्ली कोणी वाचतच नाही."

या वाक्याबद्दल मला शंका आली म्हणून मी कपाटातली नोंदवही काढून बसलो. एक काळ असा दिसतो की दर आठवड्याला पाने भरली आहेत. त्यात मुलांच्या नोंदी निम्म्याहून अधिक. मग एका महिन्यानंतर वही कोरी. त्या महिन्यात काय झाले? टीव्ही त्याआधीच आला होता, मोबाइलही आला होता. त्या महिन्यात आपले एक निवृत्त गार्डसाहेब मुलाकडे पुण्याला राहायला गेले. बुधवारी आणि रविवारी संध्याकाळी कपाट उघडून बसणारे तेच होते. पुस्तके तीच राहिली, मुलेही कॉलनीत होतीच. मधला माणूस तेवढा गेला.

आज मला या मधल्या माणसाबद्दल बोलायचे आहे. विशेषतः मुले आणि शिक्षक यांच्यासाठी काम करणाऱ्या ग्रंथपालाबद्दल.

आमच्या खात्यात कीमॅन नावाचा माणूस असतो. आपल्या हद्दीतला रूळ तो रोज पायी तपासतो. जाताना एका रुळाच्या बाजूने, येताना दुसऱ्या. कुठे चावी सैल झाली असेल तर हातोड्याने बसवतो, कुठे बोल्ट सुटला असेल तर आवळतो. रूळ नवा आहे, स्लीपर काँक्रीटचे आहेत, खडी भरपूर आहे, म्हणून कोणी कीमॅनला घरी बसवत नाही. वाचनाच्या बाबतीत मात्र आपण तसे सर्रास करतो. देणगी मिळवून पुस्तके घेतो, कपाट घेतो, फीत कापतो आणि किल्ली कोणाच्या तरी खिशात टाकून मोकळे होतो.

आणि हे आपण कोणत्या गावात करतो? वडोदऱ्यात! ज्या गावाने साऱ्या हिंदुस्थानला ग्रंथालये कशी चालवावीत हे दाखवले, त्या गावात.

ही हकीकत आपल्याकडच्या अनेकांना तुकड्यातुकड्यांनी ठाऊक आहे, ती जरा सलग सांगतो. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा एक मुलगा दत्तक येऊन बडोद्याच्या गादीवर बसला. तेच आपले सयाजीराव महाराज. त्यांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो सबंध संस्थानाला लागू केला. मग एक अडचण लक्षात आली. मूल चार इयत्ता शिकते, शाळा सोडून शेतात जाते, हाताशी वाचायला काहीच नसते, आणि काही वर्षांत शिकलेली अक्षरे विसरते. म्हणजे सरकारचा खर्च वाया आणि मुलाचे कष्टही वाया. यावर उपाय म्हणजे गावोगावी ग्रंथालय.

अमेरिकेच्या प्रवासात महाराजांनी तिथली सार्वजनिक ग्रंथालये पाहिली होती. १९१० साली त्यांनी कनेटिकटमधल्या न्यू हेवनहून विल्यम अ‍ॅलन्सन बॉर्डन या अनुभवी ग्रंथपालाला बडोद्याला आणले. बॉर्डन इथे १९१३ पर्यंत होते. ग्रंथालयात काम करणारी माणसे तयार करण्यासाठी त्यांनी १९११ मध्ये बडोद्यात प्रशिक्षणाचा वर्ग काढला. हिंदुस्थानातला हा अशा प्रकारचा पहिला वर्ग समजला जातो. १९१२ मध्ये 'लायब्ररी मिसेलनी' हे त्रैमासिक निघाले. त्यात इंग्रजीबरोबर गुजराती आणि मराठी मजकूरही असे. यातला क्रम लक्षात घ्या. महाराजांना पैशाची ददात नव्हती, हवी तेवढी पुस्तके ते विकत घेऊ शकत होते. आपल्या खासगी संग्रहातली हजारो पुस्तके त्यांनी सेंट्रल लायब्ररीला दिलीही. पण त्याबरोबरच त्यांनी जाणकार माणूस आणला आणि त्याच्याकडून इथली माणसे शिकवून घेतली.

सेंट्रल लायब्ररीची मांडवीजवळची इमारत १९३१ सालची. इंजिनीअर मंडळींनी ती मुद्दाम जाऊन पाहावी. पुस्तकांच्या पोलादी मांडण्या एकावर एक मजल्यांत उभ्या आहेत आणि मधली जमीन काचेची आहे, म्हणजे उजेड खालपर्यंत पोचतो. पण मला त्या इमारतीपेक्षाही फिरत्या पेट्यांचे अप्रूप वाटते. मजबूत लाकडी पेट्यांत निवडक पुस्तके भरून त्या संस्थानातल्या गावांना पाठवत. ठरावीक मुदतीनंतर पेटी परत यायची आणि दुसरी जायची. जाण्यायेण्याचे भाडे सरकार भरत असे, गावावर त्याचा बोजा नव्हता. मुलांसाठी वेगळा विभाग होता, खेळांची सोय होती. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी चित्रे आणि जादूचे कंदील दाखवणारी शाखा होती. गावागावांत मित्रमंडळ ग्रंथालयांचे जाळे उभारणारे मोतीभाई अमीन हे मूळचे शिक्षक. शिक्षकाच्या हाती ग्रंथालय आले की त्याचा मोहरा आपोआप मुलांकडे वळतो.

आता ज्यांच्या नावाने आजचा दिवस आहे त्या रंगनाथनांकडे येऊ. तेही मूळचे शिक्षकच, गणिताचे. १९२४ साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. सुरुवातीला त्या शांत खोलीत त्यांचे मन रमेना, परत वर्गावर पाठवा असा त्यांचा धोशा होता. पुढे प्रशिक्षणासाठी ते लंडनला गेले. तिथल्या सेल्फ्रिजेस या मोठ्या दुकानात त्यांनी मेकॅनोचा खेळ पाहिला. आपल्यापैकी कित्येकांनी लहानपणी तो खेळला असेल. पट्ट्या, सळ्या, चाके, नटबोल्ट तेच, पण जोडणी बदलली की कधी क्रेन होते, कधी पूल. त्यावरून त्यांना पुस्तकांच्या वर्गीकरणाची कल्पना सुचली. विषयाचे सुटे भाग करायचे आणि हवे तसे जोडून क्रमांक तयार करायचा. हीच त्यांची १९३३ साली प्रसिद्ध झालेली द्विबिंदू वर्गीकरण पद्धती. एका लहान मुलांच्या खेळण्याने ग्रंथालयशास्त्राला एवढे मोठे काही दिले, हे मला फार आवडते.

त्यांनी १९३१ साली ग्रंथालयाचे पाच नियम मांडले. ते इतके साधे आहेत की ऐकणाऱ्याला वाटावे, यात काय विशेष? पुस्तक हे कुलपात ठेवण्यासाठी नसून वापरण्यासाठी आहे. वाचक कोणीही असो, त्याच्यासाठी कुठे तरी एक पुस्तक आहे. आणि पुस्तक कोणतेही असो, त्यालाही त्याचा वाचक आहे. वाचकाचा वेळ फुकट घालवू नये. आणि ग्रंथालय हे वाढत जाणारे शरीर आहे. यातला दुसरा आणि तिसरा नियम नीट पाहा. वाचक इथे आहे, पुस्तक तिथे आहे, दोघांना एकमेकांचा पत्ता नाही. हे लग्न जुळवणार कोण? आठ वर्षांचे मूल काही तालिका उघडून पुस्तक शोधत नाही. मोठा माणूस निदान लेखकाचे नाव घेऊन येतो. मूल येते आणि म्हणते, "काहीतरी द्या ना." त्या 'काहीतरी'चा अर्थ ओळखणे हे ग्रंथपालाचे खरे कौशल्य.

याच १९३१ साली, २१ ऑक्टोबरला, तमिळनाडूत मन्नारगुडीजवळच्या मेलवासल गावी बैलगाडीवरचे फिरते ग्रंथालय सुरू झाले. कल्पनेला पाठिंबा रंगनाथनांचा आणि गाडी उभी करणारे कनकसभै पिळ्ळै हे एक इंजिनीअर! म्हणजे आपल्या जातकुळीतल्या माणसाने या कामात हात घालायला हरकत नाही, याला आधार आहे.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. ग्रंथपाल नेमके काय करतो? पुस्तक देणे, शिक्का मारणे, परत घेणे एवढेच आपल्याला बाहेरून दिसते. मलाही त्याची खरी ओळख माझ्या भाचीमुळे झाली.

भाची शिक्षक-प्रशिक्षणाच्या महाविद्यालयात होती. पूर्वी गुजरातेत ज्याला पीटीसी म्हणत तो, आता डी.एल.एड. नावाचा अभ्यासक्रम. सराव पाठासाठी तिला नगरपालिकेच्या गुजराती शाळेत तिसरीचा वर्ग मिळाला होता आणि गोष्ट सांगायची होती. ती ग्रंथालयात गेली आणि म्हणाली, "बेन, प्राण्यांवरचे एखादे बोधपर पुस्तक द्या." ग्रंथपाल बेननी पुस्तक दिले नाही, उलट प्रश्नच विचारले. वर्गात मुले किती? त्यांच्या घरी कोणती भाषा बोलतात? किती जणांना सलग वाचता येते, किती जण अजून अक्षरे जोडून वाचतात? आणि बोधच का हवा? भाचीला यातल्या एकाही प्रश्नाचे उत्तर येत नव्हते. बेन म्हणाल्या, "उद्या शाळेत जा, फक्त बसून मुलांचे बोलणे ऐक आणि मग ये."

दुसऱ्या दिवशी ती माहिती घेऊन आली. बेचाळीस मुले. घरी कोणाची गुजराती, कोणाची हिंदी, सात-आठ जणांची मराठी, आणि एक मुलगी ओडिशाहून नुकतीच आलेली, जी वर्गात अवाक्षर बोलत नव्हती. बेननी तीन पुस्तके समोर ठेवली. पहिल्यात एकही शब्द नव्हता, नुसती चित्रे. दुसऱ्यात एक ओळ पुनःपुन्हा येत होती, मुलांना बरोबर म्हणता येईल अशी. तिसरे मुंग्यांविषयीचे माहितीचे पुस्तक, मोठ्या चित्रांचे. मग बेननी तिच्याकडून तालीम करून घेतली. पुस्तक छातीशी धरून कुशीकडे वळवायचे, म्हणजे चित्र मुलांकडे राहते. पान उलटण्यापूर्वी थांबायचे आणि विचारायचे, पुढे काय होईल? शेवटी तात्पर्य सांगायचे नाही. मुले आपण होऊन काय बोलतात ते ऐकायचे.

भाची सांगत होती, "मामा, ती गप्प बसणारी मुलगी शब्दांशिवायच्या पुस्तकावर आधी बोटाने दाखवू लागली आणि मग आपल्या भाषेत बोलायलाच लागली. आम्हाला कोणालाच ते कळत नव्हते, पण थांबेना." त्या वर्गात त्या मुलीचा आवाज सगळ्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. पाठ भाचीने घेतला, त्याचे गुणही तिला मिळाले. पण त्या मुलीपर्यंत ते पुस्तक पोचवणारा हात ग्रंथालयातल्या बेनचा होता. आणि ती मुलगी कोण हे बेनना आजही माहीत नसेल.

प्रौढ विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयात बालपुस्तके कशाला, असा आक्षेप काही जण घेतात. त्यांच्यासाठी एक साधा हिशेब मांडतो. एका शिक्षकाच्या वर्गात वर्षाला चाळीस मुले धरा आणि नोकरी तीस वर्षांची. झाली बाराशे मुले. पन्नास विद्यार्थ्यांची एक तुकडी म्हणजे साठ हजार मुले. त्या पन्नास जणांनी शिकत असताना चांगली बालपुस्तके हाताळली असतील, मोठ्याने वाचून पाहिली असतील, तर त्याचा लाभ इतक्यांना होणार. आणि त्यांनी पाठ्यपुस्तकापलीकडे काही पाहिलेच नसेल, तर तो तोटाही इतक्यांचाच. मेन लाइनवरचा एक सांधा बिघडला तर मागच्या सगळ्या गाड्या थांबतात, त्यातलाच हा प्रकार.

हा विचार आपल्या या भागात जुना आहे. भावनगरचे गिजुभाई बधेका हे वकिली सोडून शिक्षणात आले. १९२० साली त्यांनी तिथे दक्षिणामूर्ती बालमंदिर सुरू केले. मुले आणि पालक त्यांना 'मूछाळी मा' म्हणत, मिशा असलेली आई. त्यांच्या 'दिवास्वप्न' या पुस्तकातला शिक्षक चौथीच्या वर्गाला गोष्टी सांगू लागतो. पाठ्यपुस्तकांसाठी जो पैसा प्रत्येकाने वेगवेगळा खर्च करायचा, तो एकत्र करून तो वर्गाचे ग्रंथालय उभे करतो. प्रत्येकाकडे तेच एक पुस्तक असण्याऐवजी सगळ्यांना मिळून कितीतरी पुस्तके! या गिजुभाईंच्या बरोबरीने भावनगरला काम केले ते आपल्या ताराबाई मोडक यांनी. गुजरातेत शिकलेले त्यांनी पुढे बोर्डी आणि कोसबाडला आदिवासी मुलांपर्यंत नेले. घर सोडून बाहेर गेलेल्या मराठी माणसाने काय करावे, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

आणखी एक गोष्ट खुद्द वडोदऱ्याची. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या ग्रंथालयाला हंसा मेहतांचे नाव आहे. त्या या विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात 'सर्व पुरुष' असा अर्थ निघू नये म्हणून 'सर्व मानव' असा शब्दबदल करायला लावणाऱ्या त्या हंसाबेन, हे आपण ऐकलेले असते. पण त्यांनी गुजराती मुलांसाठी गोष्टी लिहिल्या, गलिव्हरच्या प्रवासाचे गुजराती रूपांतर केले, हे फारसे कोणी सांगत नाही. एवढ्या विदुषीला मुलांसाठी लिहिणे कमीपणाचे वाटले नाही.

आता आपल्या कॉलनीतल्या मुलांकडे पाहू. घरी मराठी, जिन्यात आणि मैदानात हिंदी, बाजारात गुजराती, शाळा इंग्रजी. मराठी बोलणे कळते, पण वाचायला दिले की "नको, अवघड आहे" म्हणतात. खरे तर यांना देवनागरी येते, हिंदीमुळे. अडते थोड्याच ठिकाणी. हिंदीत 'ळ' नाही. 'चमचा'तला 'च' आणि 'चार'मधला 'च' वेगळे आहेत, हे अक्षर पाहून कळत नाही, कानानेच कळते. म्हणून या मुलांना आधी कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवले पाहिजे. दहा-बारा पुस्तके ऐकली की पुढची ती आपण होऊन वाचतात.

आपल्याकडून आणखी एक गोष्ट नकळत होते. आपण लहानपणी जे वाचले तेच मुलांच्या हाती ठेवतो. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली 'श्यामची आई' मोठीच आहे, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आजही धमाल आहे. पण सहा वर्षांच्या इंग्रजी शाळेतल्या मुलाला सुरुवातीलाच 'श्यामची आई' दिली तर ते पुस्तक आणि ते मूल दोघांवरही अन्याय होतो. त्याला आधी मोठ्या चित्रांचे, थोड्या शब्दांचे, त्याच्या घरासारख्या घराचे पुस्तक हवे. माधुरी पुरंदरे यांनी अशी पुस्तके लिहिली आणि त्यांची चित्रेही स्वतः काढली. २०१४ साली साहित्य अकादेमीचा बालसाहित्य पुरस्कार त्यांना मिळाला. नॅशनल बुक ट्रस्टची मुलांची अनेक पुस्तके मराठी, गुजराती, हिंदी अशा वेगवेगळ्या भाषांत निघाली आहेत. एकच पुस्तक तीन भाषांत शेजारी ठेवले तर आपल्या मुलाचा गुजराती मित्रही त्याच्याबरोबर बसेल. 'किशोर' मासिक १९७१ पासून निघते आहे आणि त्याचे जुने अंक बालभारतीने इंटरनेटवर खुले केले आहेत. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर २०१५ पासून अनेक भारतीय भाषांतल्या गोष्टी फुकट मिळतात. म्हणजे पुस्तकांचा तुटवडा हे कारण आता चालणार नाही. उलट इतके आहे की त्यातून निवडणार कोण, हाच प्रश्न आहे. पुन्हा गाडी माणसापाशीच येऊन थांबते.

बैठकीत दोन आक्षेप आले होते, त्यांना उत्तर देतो. पहिला, मुले मोबाइल सोडत नाहीत. खरे आहे. पण संध्याकाळी सात वाजता मंडळाची खोली बंद आणि घरातला मोबाइल चालू असेल, तर मुलाने करावे तरी काय? स्पर्धा लावायची असेल तर निदान आपला खेळाडू मैदानात उतरवला पाहिजे. दुसरा आक्षेप, पुस्तके हरवतात, फाटतात. हरवतील. बालपुस्तक पाच वर्षांत फाटले तर ते पुष्कळ हातांतून गेले, एवढाच त्याचा अर्थ. पाच वर्षांनी कोरे करकरीत निघाले तर चिंता करावी. आपण मांडवाच्या कापडाचा घसारा धरतोच ना? तसाच पुस्तकांचाही धरावा.

आता माझी सूचना. ती सर्वसाधारण सभेपुढे लेखी देणार आहे, इथे थोडक्यात सांगतो.

एक, कपाटे राहू द्यावीत. पण पुस्तकांची छाननी करावी. वाळवी लागलेली, पाने गळलेली, कोणाच्याच उपयोगाची नसलेली काढून टाकावीत. ग्रंथालयात भर घालण्याइतकेच वजाबाकी करणेही महत्त्वाचे असते. त्यातून मांडवाच्या सामानाला थोडी जागा होईल, म्हणजे दोन्ही पक्ष खूश.

दोन, मुलांची पुस्तके सर्वांत खालच्या दोन फळ्यांवर, मुलांच्या हाताला येतील अशी ठेवावीत. शक्य तितकी मुखपृष्ठ समोर करून. मूल कण्यावरचे नाव वाचून पुस्तक उचलत नाही, चित्र पाहून उचलते.

तीन, आणि हेच मुख्य. बुधवार आणि रविवार, संध्याकाळी सहा ते साडेसात, एक ठरलेली व्यक्ती तिथे असावी. एकट्यावर भार नको म्हणून चौघांची पाळी लावावी. आमच्याकडे रोस्टर लावायची सवय आहे, ते मी करून देईन. पण चौघांतला एक जण प्रमुख असावा, ज्याला मुले नावाने ओळखतात आणि जो मुलांना नावाने ओळखतो. निवृत्त सभासद आणि घरी असलेल्या भगिनी यांत अशी माणसे निश्चित आहेत. शिक्षक-प्रशिक्षण घेणारी आपली मुले-मुली असतील तर त्यांना याचा सरावही होईल.

चार, रविवारी पंधरा मिनिटे कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवावे. आजी-आजोबांनी वाचले तर दुधात साखर. त्यांना श्रोते मिळतील आणि मुलांच्या कानावर चांगले मराठी पडेल.

पाच, बडोद्याच्या पेट्यांची आठवण ठेवून दोन पेट्या तयार कराव्यात. एक लांबच्या ब्लॉकमधल्या मुलांसाठी, एक जवळच्या शाळेतल्या एखाद्या उत्साही शिक्षकासाठी. प्रत्येक पेटीत वीस पुस्तके, दर तीन महिन्यांनी बदलायची. आणि दार फक्त मराठी घरांसाठी नको. आपल्या गणपतीला बंगाली, तेलुगू, गुजराती सहकारी वर्गणी देतात, आरतीला येतात, त्यांची मुलेही या खोलीत यावीत.

खर्चाचा अंदाज कार्यकारिणीला दिला आहे. सजावटीच्या खर्चात थोडी काटकसर केली तर तो सहज निघतो. पैशापेक्षा कठीण आहे ते माणूस देणे. म्हणून सभेत हात वर करताना केवळ "कपाट राहू द्या" म्हणून चालणार नाही. कपाट ठेवून माणूस दिला नाही, तर दोन वर्षांनी हाच ठराव पुन्हा येईल आणि तेव्हा त्याला विरोध करायला मलाही तोंड राहणार नाही. आठवड्यातले दीड तास कोण देणार, त्यांनी आपले नाव आजच चिटणिसांकडे नोंदवावे. पहिले नाव माझे लिहिले आहे. ड्यूटी सांभाळून पाळी करीन.

ज्या देवतेची आपण दहा दिवस पूजा करतो, तिने व्यासांचे महाभारत लिहून घेतले अशी आपली श्रद्धा आहे. सांगणारा होता, लिहून घेणारा मिळाला, म्हणून ग्रंथ झाला. आता तो वाचणाऱ्यापर्यंत नेणाऱ्याची गरज आहे. चिटणीस मागच्या टेबलावर वही घेऊन बसले आहेत. बाहेर पडण्यापूर्वी त्यांना जरूर भेटा.

गणपती बाप्पा मोरया!